एमडीआर टीबीचा सहा महिन्यांचा कोर्स: गोळ्या कशा घ्यायच्या, डोळे आणि पाय कसे सांभाळायचे

नमस्कार. हा तळहात नीट बघा. बेडाक्विलिनच्या चार गोळ्या, प्रिटोमॅनिडची एक, लिनेझोलिडची एक, मॉक्सिफ्लॉक्सासिनची एक. एकूण सात. एमडीआर, म्हणजे नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या टीबीवरच्या नव्या उपचारातला पहिल्या दोन आठवड्यांचा हा रोजचा डोस. इंजेक्शन एकही नाही आणि कोर्स २६ आठवड्यांचा. याच आजाराला आधी अनेकांना दीड वर्षाहून जास्त औषधं घ्यावी लागायची.

या उपचाराचं नाव बीपाल्म. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२२ मध्ये त्याची शिफारस केली, आपल्या केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली. टीबी-प्रॅक्टेकल नावाच्या चाचणीत शंभरातल्या ८९ जणांना याचा गुण आला, जुन्या उपचाराने ५२ जणांना. आणि जुनी इंजेक्शनं काय करायची? अनेकांचं ऐकणं कायमचं गेलं. मुंबईच्या नंदिता वेंकटेसन त्यांच्यापैकीच एक. बेडाक्विलिनचं पेटंट लांबवायच्या अर्जाला त्यांनी विरोध केला आणि मार्च २०२३ मध्ये तो अर्ज फेटाळला गेला. स्वस्त बेडाक्विलिनची वाट त्यामुळे मोकळी झाली. त्यांचे आभार मानावे तेवढे थोडे.

आता कामाचं. आधी बेडका तपासतात, सीबीनॅट किंवा गोव्यात तयार झालेल्या ट्रूनॅट या यंत्रावर. रिफाम्पिसिन हे टीबीचं नेहमीचं मुख्य औषध चालत नाही असं दिसलं की पुढची तपासणी मॉक्सिफ्लॉक्सासिनच्या गटाची. तेही चालत नसेल तर ते वगळून बाकीची तीन औषधं देतात. वय १४ च्या खाली, गरोदरपण, किंवा मेंदूचा नाहीतर हाडांचा टीबी असेल, तर हा कोर्स देत नाहीत.

गोळ्या पोटभर जेवणानंतर घ्या. चहा-बिस्किटावर भागवू नका. बेडाक्विलिन जेवणासोबत घेतलं की उपाशीपोटी घेण्याच्या जवळपास दुप्पट अंगी लागतं. तिसऱ्या आठवड्यापासून त्याच्या दोनच गोळ्या, तेही आठवड्यातून तीनदा. सोमवार, बुधवार, शुक्रवार धरा. बाकी तीन औषधं मात्र रोज. म्हणजे या तीन वारी पाच गोळ्या, एरवी तीन. ॲसिडिटीची किंवा लोहाची गोळी सोबत घेऊ नका, मॉक्सिफ्लॉक्सासिन त्यांना चिकटून वाया जातं. दोन्हींत किती तासांचं अंतर ठेवायचं ते टीबी केंद्रावर विचारून घ्या.

सगळ्यात जास्त लक्ष लिनेझोलिडवर ठेवायचं. हे औषध जंतूंचा प्रथिनं बनवायचा कारखाना बंद पाडतं. अडचण अशी की आपल्या पेशींना ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकाँड्रिया या भागांचा कारखानाही जंतूंच्या कारखान्यासारखाच असतो, त्यामुळे थोडा मार तिथेही बसतो. नसा, डोळ्याची नस आणि रक्त तयार करणारा अस्थिमज्जा यांना ऊर्जा जास्त लागते, म्हणून त्रास आधी तिथे दिसतो. सुरुवातीच्या चाचणीत रोज १२०० मिलिग्रॅम देत होते, तेव्हा शंभरातल्या ८१ जणांच्या नसांना त्रास झाला. पुढच्या चाचणीत ६०० वर आणलं तर हे प्रमाण २४ वर आलं, आणि गुण तरी ९१ टक्के लोकांना आला. आजचा डोस ६०० चा आहे तो म्हणून.

मुंग्या पायाच्या बोटांपासून सुरू होतात. आधी बधिरपणा, मग तळवे जळजळणं, चप्पल कधी निसटली ते न कळणं. बरेच जण हे अशक्तपणावर ढकलतात आणि महिनाभर गप्प राहतात. तसं करू नका. लवकर सांगितलं तर डॉक्टर डोस ३०० वर आणू शकतात किंवा औषध काही दिवस थांबवू शकतात. उशीर झाला तर बधिरपणा वर्षानुवर्षं राहू शकतो.

डोळ्यांसाठी घरी एक गोष्ट करा. भिंतीवरच्या कॅलेंडरपासून रोज त्याच जागी उभे राहा. एक डोळा झाका, रविवारच्या लाल तारखा वाचा. मग दुसरा डोळा. आकडे धूसर दिसले किंवा लाल रंग विटक्यासारखा वाटला, तर त्याच दिवशी केंद्रावर जा. दर महिन्याच्या रक्ततपासणीत हिमोग्लोबिन आणि प्लेटलेट उतरतायत का तेही बघतात. ती चुकवू नका.

या कोर्समध्ये ईसीजीही काढतात. तो कशाला? बेडाक्विलिन आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन हृदयाच्या ठोक्यामधला क्यूटी नावाचा टप्पा लांबवतात. तो ५०० मिलिसेकंदांच्या पुढे गेला की धोका. उलट्या-जुलाबांनी पोटॅशियम उतरलं की हा धोका वाढतो, म्हणून दोन दिवस उलट्या होत असतील तर लगेच कळवा. नैराश्याची गोळी चालू असेल तर पहिल्याच भेटीत सांगा, लिनेझोलिडशी तिचं जुळत नाही. दारू पूर्ण बंद, कारण यकृतावर आधीच ताण असतो.

बरं वाटलं म्हणून मधेच सगळ्या गोळ्या सोडल्या तर? बाकीची औषधं काही दिवसांत अंगातून निघून जातात, पण बेडाक्विलिन अर्धं उतरायलाच पाच महिन्यांच्या आसपास लागतात. तेवढा काळ उरलेल्या जंतूंसमोर ते एकटं आणि कमी प्रमाणात राहतं, आणि जंतू त्यालाही सरावतात. मग हे औषध त्या माणसाला पुन्हा उपयोगी पडेलच असं नाही. एखादा डोस चुकला तर? पहिल्या दोन आठवड्यांत बेडाक्विलिनचा चुकलेला डोस सोडून द्या, दुसऱ्या दिवशी दुप्पट घेऊ नका. तिसऱ्या आठवड्यापासून चुकला तर आठवताच घ्या आणि पुढचे वार नेहमीसारखे चालू ठेवा, फक्त सात दिवसांत सहापेक्षा जास्त गोळ्या होता कामा नयेत.

सरकारी केंद्रात ही औषधं मोफत मिळतात. अडलंच तर निक्षय या सरकारी टीबी हेल्पलाइनचा टोल-फ्री नंबर लिहून घ्या: १८००-११-६६६६.