सिग्नलवर ६१ अंश

मे महिन्यातील दुपारचे सव्वादोन वाजले आहेत. शीवच्या सिग्नलला एक काळी, दोन आसनांची निस्सान थ्री-सेव्हन्टी झी उभी आहे. तिच्या डॅशबोर्डवर चिकटवलेल्या छोट्या पडद्यावर इंजिनात शिरणाऱ्या हवेचे तापमान दिसते. बाहेर ३४ अंश सेल्सिअस आहेत. पडद्यावरचा आकडा ४८ आहे, थोड्या वेळाने तो ५३ होतो आणि पुढच्या बसने वळता वळता सगळी रांग अडवून धरल्यावर ६१ वर जाऊन थांबतो. गाडी अजून पळालेली नाही, ती नुसती उभी आहे.

गाडीचे मालक माटुंग्याला राहतात. गेली दोन वर्षे त्यांच्यापुढे एकच प्रश्न आहे. या ३.७ लिटरच्या व्ही-सिक्स इंजिनाची ताकद वाढवायची आहे, पण ती इंजिनाला स्वतःच्या बळावर अधिक मोकळा श्वास घेऊ देऊन वाढवायची, की टर्बो (इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम वायूने फिरणारा हवेचा पंप) किंवा सुपरचार्जर (इंजिनाच्याच पट्ट्याने फिरणारा पंप) लावून त्याच्या छातीत हवा दाबून भरायची? पहिल्या प्रकाराला नॅचरली अ‍ॅस्पिरेटेड, म्हणजे बोलीभाषेत एन. ए., आणि दुसऱ्याला फोर्स्ड इंडक्शन म्हणतात. कुर्ल्याला सीएसटी रोडलगतच्या गल्लीत त्यांचे नेहमीचे गॅरेज आहे. तेथील मिस्त्रींनी या प्रश्नावर उलट एवढेच विचारले होते, "साहेब, गाडी रोज काढणार, की फक्त रविवारी?" मालकांना तेव्हा तो प्रश्न टाळाटाळीचा वाटला होता.

इंजिन म्हणजे शेवटी हवेचा पंप आहे. जितका प्राणवायू आत जाईल तितकेच पेट्रोल जळू शकते आणि हा प्राणवायू आत ढकलण्याचे काम साध्या इंजिनात केवळ वातावरणाचा दाब करतो. समुद्रसपाटीला तो सुमारे १,०१३ मिलिबार असतो. उंचीवर तो घटतो आणि टर्बोच्या सुरुवातीच्या इतिहासात ही घट महत्त्वाची आहे. आल्फ्रेड ब्युखी या स्विस अभियंत्याने १९०५ साली टर्बोच्या कल्पनेचे पेटंट घेतले. पुढे १९१८ मध्ये अमेरिकन अभियंते सॅनफर्ड मॉस यांनी लिबर्टी हे विमानाचे इंजिन अमेरिकेतील पाइक्स पीक या सुमारे ४,३०० मीटर उंचीच्या शिखरावर नेऊन त्यावर टर्बोची चाचणी घेतली, कारण विरळ हवेत विमानांची शक्ती गळून पडत असे. मुंबई समुद्राच्या कडेला वसलेली आहे. हवेच्या दाबाची श्रीमंती तिला फुकट मिळालेली आहे.

मात्र या श्रीमंतीतून काही वजावट होते. तापमान ३३ अंश आणि आर्द्रता ७५ टक्के असेल, तर हवेच्या एकूण दाबापैकी जवळपास ३८ मिलिबार पाण्याच्या वाफेचे असतात, म्हणजे आत घेतलेल्या प्रत्येक श्वासातील पावणेचार टक्के भाग जळण्याच्या कामाचाच नसतो. उकाड्याने हवा विरळ होते ती वेगळीच. "गाडी पावसाळ्याआधी जड चालते" असे जे गॅरेजमध्ये म्हटले जाते, त्यात निव्वळ भ्रम नाही.

आता एन. ए. मार्ग पाहू. साध्या श्वासावर चालणारे चांगले पेट्रोल इंजिन दर लिटरमागे साधारण १०० न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, देते. या गाडीचा आकडा ३६५ च्या आसपास आहे, म्हणजे कारखान्याने तिला त्या मर्यादेच्या जवळ आधीच नेऊन ठेवले आहे. पोर्शेच्या चार लिटर जीटी-थ्रीसारखे अतिशय कसलेले इंजिनही लिटरमागे ११५-१२० च्या पुढे फारसे जात नाही. टॉर्क वाढत नसेल, तर अश्वशक्ती वाढवण्याचा एकच रस्ता उरतो आणि तो म्हणजे तोच टॉर्क अधिक आरपीएमपर्यंत, म्हणजे मिनिटाला अधिक फेऱ्यांपर्यंत, टिकवून धरणे. हेडर्स (जळलेला वायू बाहेर नेणाऱ्या मोकळ्या नळ्या), मोकळा इनटेक (हवा आत घेणारा मार्ग), एक्झॉस्ट आणि रीमॅप (इंजिनाच्या संगणकाची नवी मांडणी) यांतून वीस-तीस अश्वशक्ती पदरात पडते. त्यापुढे जायचे तर इंजिन खोलावे लागते. ७,५०० आरपीएमची मर्यादा ८,५०० वर नेली, तर पिस्टनला धरणाऱ्या कनेक्टिंग रॉडवर येणारा जडत्वाचा ताण २८ टक्क्यांनी वाढतो, कारण तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असतो. शिवाय या इंजिनात इनटेक व्हॉल्व्ह किती उघडायचे हे इलेक्ट्रॉनिक यंत्रणा ठरवते, त्यामुळे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, म्हणजे कॅम, बदलून भागणाऱ्या जुन्या गाड्यांप्रमाणे "कॅम टाकला आणि काम झाले" असे येथे होत नाही.

इतके करून मिळालेली शक्ती वापरायची कोठे, हा प्रश्न मात्र हिशेबाच्या वहीत कोणी लिहीत नाही. ही गाडी दुसऱ्या गिअरमध्ये ७,५०० आरपीएमला पोहोचते तेव्हा वेग ताशी ११० किलोमीटरच्या आसपास असतो. कोस्टल रोडवर सरळ भागात कमाल मर्यादा ८० आहे आणि बोगद्यात ६०. अटल सेतूवर ती १०० आहे. म्हणजे महागात कमावलेले वरचे हजार आरपीएम दुसऱ्या गिअरमध्येसुद्धा मुंबईच्या कोणत्याही रस्त्यावर कायद्यात बसत नाहीत. ते वापरायचे तर कोइमतूरचा कारी स्पीडवे किंवा चेन्नईजवळील इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक गाठावा लागतो.

बूस्टचे, म्हणजे दाबून भरलेल्या हवेचे, गणित याच्या नेमके उलट आहे. समजा, सुपरचार्जरने केवळ ०.४ बारचा जादा दाब दिला. कागदावर हवा ४० टक्क्यांनी वाढते. तापलेली हवा आणि सुपरचार्जरचा पट्टा फिरवण्यात खर्च होणारी शक्ती वजा केली, तरी साधारण पाव हिस्सा ताकद वाढलेली मिळते, आणि तीही ३,००० ते ५,००० आरपीएममध्ये, जेथे ही गाडी खरोखर चालते. मोटरस्पोर्टच्या नियमपुस्तिकेतही टर्बो इंजिनाची घनक्षमता १.७ ने गुणून मोजण्याची पद्धत आहे. इतकी ही हवा वजनदार आहे.

पण दाबलेली हवा तापते. सायकलचा पंप मारताना त्याची नळी हाताला चटका देते, तोच हा प्रकार आहे. ३४ अंशांची हवा ०.४ बारने दाबली, तर सर्वसाधारण कार्यक्षमतेच्या कॉम्प्रेसरमधून ती ७८ अंशांना बाहेर पडते. आता सिग्नलवरचा आकडा आठवावा. हवा ६१ अंशांनी आत शिरत असेल, तर बाहेर येताना ती ११० अंशांच्या घरात असेल. तिला थंड करण्यासाठी इंटरकूलर असतो, पण तो वाऱ्यावर काम करतो आणि बंपर-टू-बंपर रांगेत वारा नसतो. पाण्यावर चालणारा इंटरकूलर सिग्नलपुरता तग धरतो. मात्र एकदा त्यातील पाणीच तापले की ते निवण्यास पुढचा अर्धा रस्ता लागतो.

तापलेल्या हवेने इंजिन नॉक मारते, म्हणजे ठिणगीने पेटलेली ज्योत पोहोचण्याआधीच उरलेले मिश्रण स्वतःहून भडकते, आणि ११:१ इतके कॉम्प्रेशन असलेल्या, म्हणजे मिश्रण अकरापट दाबणाऱ्या, इंजिनात ही शक्यता मुळातच जास्त असते. येथे इंधनाच्या ऑक्टेनचा, म्हणजे नॉक सोसण्याच्या क्षमतेचा, विषय येतो, आणि मालकांनी केलेली एक चूक सांगण्यासारखी आहे. बूस्टच्या एका अमेरिकन किटच्या माहितीपत्रकात "९३ ऑक्टेन आवश्यक" असे वाचून, आपल्या पंपावर तर ९५ मिळते, या समाधानात ते कित्येक महिने होते. वास्तविक दोन्ही मोजपट्ट्या वेगळ्या आहेत. अमेरिकेत दोन चाचण्यांची सरासरी छापतात, तर आपल्याकडे त्यांपैकी रिसर्च ऑक्टेन हा एकच आकडा सांगतात. अमेरिकेतील ९३ म्हणजे आपले ९७ ते ९८. त्या किटच्या मॅपला आपले ९५ कमीच पडले असते. इंडियन ऑइलचे एक्सपी-१०० हे इंधन डिसेंबर २०२० मध्ये मुंबईसह निवडक शहरांत आले, ते पुरेसे आहे, पण मग टाकी प्रत्येक वेळी त्यानेच भरावी लागते आणि लोणावळ्याच्या पुढे कोठेतरी साधे पेट्रोल घ्यावे लागले, तर उजवा पाय आवरता घ्यावा लागतो. वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलबाबत आणखी एक गोष्ट आहे. इथेनॉल नॉकिंगला आळा घालते, परंतु तेवढ्याच हवेला इंधन सुमारे आठ टक्के जास्त लागते, त्यामुळे इंधन फवारणाऱ्या इंजेक्टरची कुवत आधी तपासावी लागते.

टर्बो की सुपरचार्जर, यावर फार रेंगाळण्याचे कारण नाही. टर्बोची गरम बाजू ८००-९०० अंशांपर्यंत जाते आणि या गाडीच्या बॉनेटखाली अशा दोन भट्ट्यांसाठी जागा काढणे म्हणजे शेजारच्या प्रत्येक रबरी नळीचे आयुष्य कमी करणे होय. सुपरचार्जर इंजिनाची थोडी शक्ती खातो, पण त्याला एक्झॉस्टची आग लागत नाही. या शहरासाठी माझा कौल त्यालाच आहे.

तरीही प्रश्न सुटत नाही, कारण कायदा मध्ये उभा आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरतील असा बदल मालकाला करता येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. विमा कंपनीला अंधारात ठेवले, तर अपघातानंतरचा दावा धोक्यात येतो. या गाडीला पंधरा वर्षे पूर्ण होत आली आहेत आणि लवकरच ती फेरनोंदणीसाठी आरटीओत उभी राहील. "बॉनेट उघडलं की दिसणारच ते," मिस्त्री शांतपणे म्हणाले.

म्हणजे सुपरचार्जर बसवायचा तर ही गाडी ट्रेलरवर चढून कोइमतूरला जाईल आणि शीवचा सिग्नल तिला पुन्हा दिसणार नाही. मालकांना ते नको आहे. पहाटे पाच वाजता माटुंग्याहून निघून, वरळीच्या समुद्राच्या बाजूने, खिडक्या खाली करून, चढत्या आरपीएमचा तो सलग आवाज ऐकत जाणे हाच त्यांचा रविवार आहे. उजव्या पायाखाली हलकासा दाब दिला की त्याच क्षणी, त्याच प्रमाणात उत्तर मिळते. हिशेब बूस्टच्या बाजूने असला, तरी ही गोष्ट त्या हिशेबात कोठेही मांडलेली नाही.

पावसाळ्याच्या तोंडावर गॅरेजमध्ये तीन कामे झाली. ऑइल कूलर बसला, ब्रेकचे तेल बदलून उच्च तापमानाचे भरले आणि इंजिनाची हवा बॉनेटखालून न घेता बंपरमागच्या थंड कोपऱ्यातून घेणारी, उष्णतारोधक वेष्टनाची नळी मिस्त्रींनी स्वतः बनवून जोडली. अश्वशक्तीचा आकडा कागदावर जिथल्या तिथे आहे.

जूनच्या पहिल्या आठवड्यात, दुपारी सव्वादोनच्या सुमारास, ती शीवच्या त्याच सिग्नलला पुन्हा उभी राहिली. बाहेर ३४ अंश होते. पडद्यावरचा आकडा ४१ वरून ४४ वर गेला, आणि सिग्नल सुटेपर्यंत तेथेच राहिला.