फाउंटनची फ्लोरा

[वरून चौक, वाहतूक, मग फ्लोराचा चेहरा]
चर्चगेटहून चालत या नाहीतर सीएसएमटीहून टॅक्सी करा, 'फाउंटन' म्हटलं की पत्ता संपला. या कारंज्यावर उभी आहे ती फ्लोरा, रोमन लोकांची फुलांची आणि वसंताची देवी. ती इथली नाहीच, पण मुळात या चौकासाठीही घडवलेली नव्हती.

[जुने छायाचित्र]
अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडियानं हे कारंजं करवून घेतलं भायखळ्याच्या व्हिक्टोरिया गार्डनसाठी, म्हणजे आपल्या राणीच्या बागेसाठी. आराखडा रिचर्ड नॉर्मन शॉ यांचा, कोरीवकाम जेम्स फोरसाइथ यांचं. खर्च 47,000 रुपये, आणि त्यातले 20,000 एकट्या कर्सेटजी फर्दूनजी पारेख यांनी दिले. कापसाच्या तेजीत मुंबई तेव्हा पैशात न्हात होती. गव्हर्नर बार्टल फ्रिअर किल्ल्याचा तट पाडत होते. तटाचा चर्चगेट नावाचा दरवाजा गेला आणि 1864 मध्ये त्याच जागी फ्लोरा आली. कारंज्याला फ्रिअरसाहेबांचंच नाव द्यायचं घाटत होतं, ते ऐनवेळी राहिलं. बरंच झालं.

[दगडाचे क्लोजअप]
आता हा दगड नीट बघा. फोर्टातल्या जुन्या इमारतींत मालाडचा पिवळसर दगड दिसतो. हा मात्र पोर्टलंडचा चुनखडी दगड, इंग्लंडहून बोटीनं आलेला. आणि या दगडाचं आपण काय केलं? त्याला ऑइलपेंट फासला. पांढरा, थरावर थर. पुतळा स्वच्छ दिसावा हाच हेतू असणार. पण चुनखडी सच्छिद्र असते. पावसाचं पाणी सांध्यांतून आत जातं आणि रंगाच्या पापुद्र्यामुळे त्याला बाहेर पडायला वाट मिळत नाही. ओल आत कोंडते, तिच्यासोबतचे क्षार पृष्ठभागाखाली साचून फुगतात आणि मग दगडाचाच टवका उडतो. घर रंगवणाऱ्या कुठल्याही माणसाला ओल्या भिंतीची ही गोष्ट ठाऊक आहे.

[परांची, कारागिरांचे हात]
महापालिकेनं जीर्णोद्धार हाती घेतला, मार्गदर्शन संवर्धन-वास्तुविशारद विकास दिलावरी यांचं. आधी रंग उतरवायचा. घाई केली तर रंगाबरोबर नक्षीही जाणार, म्हणून इंचाइंचानं. थर निघत गेले तशा फ्लोराच्या वस्त्राच्या चुण्या मोकळ्या झाल्या. कोपऱ्यांवरच्या चार स्त्रीमूर्तींच्या चेहऱ्यांना पुन्हा नाकडोळे आले. तडे भरले, नळ नव्यानं बसवले. जानेवारी 2019 मध्ये कारंजं पुन्हा सुरू झालं.

[ट्रामचे रूळ]
हे आणखी एक. चौकात खोदकाम चालू असताना, 2017 मध्ये, डांबराखालून ट्रामचे रूळ निघाले. मुंबईची शेवटची ट्राम 31 मार्च 1964 ला धावली. रूळ तेव्हापासून तिथेच होते, वरून फक्त डांबर पडत गेलं. त्यांचा तुकडा आता इथे मांडलाय. भंगारात गेला नाही, हे आपल्याकडे कमी नाही.

[कॅमेरा बाजूला सरकतो: हुतात्मा स्मारक]
आणि शेजारी मशाल धरलेले शेतकरी आणि कामगार. 21 नोव्हेंबर 1955 ला संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीसाठी जमलेल्या लोकांवर याच चौकात पोलिसांनी गोळ्या झाडल्या.
[दहा सेकंद निवेदन नाही. नावं.]
महाराष्ट्र झाला, चौकाचं नाव हुतात्मा चौक झालं. साहेबाच्या काळातली म्हणून फ्लोराला कुणी हलवलं नाही. दोन्ही स्मारकं एकाच चौकात आहेत आणि दोन्ही मुंबईचीच.

[पाणी, पुन्हा दगड]
पुढचं काम रोजचं आहे: पंप, शेवाळ, कबुतरांची घाण. दगड काळवंडणार, ते चालेल. तो धुण्याच्याही रीती आहेत. फक्त एखाद्या मान्यवरांच्या भेटीच्या आदल्या रात्री कुणी रंगाचा डबा घेऊन शिडी लावू नये.