फिरस्त्यांचं पंचांग

(दृश्य : चाटी गल्ली, सकाळची वेळ. दुकानात चादरींच्या घड्या उलगडल्या जात आहेत.)

सोलापूरची जकार्ड चादर दोन्ही बाजूंनी वापरता येते. एका बाजूला जो रंग जमिनीचा, तोच दुसऱ्या बाजूला नक्षीचा. म्हणून चाटी गल्लीतले हे काका गिऱ्हाइकासमोर प्रत्येक चादर उलटून दाखवतात. त्यांच्या जुन्या वेबसाइटवर मात्र एकाच बाजूचा फोटो असायचा. लांबच्या गावी पार्सल उघडलं, की "रंग वेगळा आला" म्हणून फोन यायचा. आता प्रत्येक चादरीचे दोन फोटो असतात, शेजारी वजन आणि लांबी-रुंदी. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, म्हणजे हे नाव कायद्याने सोलापूरच्याच मालाचं, त्याची माहितीही आहे. दुसरीकडे विणलेला मालही सोलापुरी नावाने विकला जातो. तेव्हा आपला माल कुठल्या मागावर विणला, हे सांगणं काकांना गरजेचं वाटतं.

काकांनी आज नव्या नक्षीचे फोटो मोबाइलवरून पाठवलेत. ते साइटवर चढवणारी मुलगी या क्षणी हिमाचलमधल्या बीर गावात, भाड्याच्या खोलीत बसली आहे.

(दृश्य : बीर. खिडकीशी टेबल, दोन लॅपटॉप, मागे धौलाधारचे डोंगर.)

ही मुलगी आणि तिचा नवरा, दोघांचं कायमचं घर कुठेच नाही. सोलापुरातली भाड्याची खोली त्यांनी सोडली आणि भांडीकुंडी तिच्या आईकडे ठेवली. तेव्हापासून एका गावी महिना-दीड महिना, मग पुढचं गाव. नावं सांगायची नाहीत, ही त्यांची अट आहे आणि आम्ही ती पाळतो आहोत. ती सोलापूरच्या पूर्व भागातली, घरात तेलुगू, शाळा मराठी. तो मोहोळ तालुक्यातला. साइटची बांधणी ती करते. मजकूर, फोटो आणि हिशेब त्याच्याकडे.

डोंगर दिसणारी खिडकी आम्ही मुद्दाम थोडाच वेळ दाखवतो आहोत. असे फोटो सगळीकडे असतात. महिन्याच्या एक तारखेला खोलीचं भाडं कुठून येतं, हा प्रश्न आम्हाला जास्त मोलाचा वाटतो. त्याचं उत्तर डोंगरात नाही, पूर्व भागातल्या एका घरात आहे.

(दृश्य : पूर्व भाग. दारात बसलेल्या बायका, मांडीवर सूप, हात चालू.)

घरी बसून काम ही सोलापूरला नवी गोष्ट नाही. इथल्या हजारो बायका पिढ्यान् पिढ्या घरच्या उंबऱ्यावर विड्या वळत आल्या आहेत. मजुरी हजारावर मिळते. हात थांबले की पैसा थांबला. आजारपण असो, लग्नकार्य असो, हजार भरले नाहीत तर त्या दिवसाची मजुरी नाही. मुलीने आईचं हे गणित लहानपणापासून पाहिलं. तिने वेबसाइटचं काम सुरू केलं तेव्हा आईने पहिला प्रश्न विचारला, "हजाराला किती गं?"

प्रश्न अगदी नेमका होता. एक साइट करा, पैसे घ्या, मग दुसरं गिऱ्हाईक शोधा, हीसुद्धा नगावरचीच मजुरी. एखाद्या महिन्यात तीन कामं, पुढचे दोन महिने रिकामे. ज्याच्या पायाखाली रोज वेगळी जमीन आहे, त्याला हे परवडत नाही. खोली न मिळणं, ताप येणं, रस्ता बंद होणं, यातलं काहीही झालं की कमाई थांबते.

म्हणून तिने देखभालीचे पैसे महिन्याला घ्यायला सुरुवात केली. व्यापारी तयार नव्हते. "एकदा करून दिली ना? मग दर महिन्याला पैसे कशाचे?" हा प्रश्न तिला प्रत्येक दुकानात ऐकावा लागला. तिचं उत्तर यंत्रमागाचं होतं : माग बसवला म्हणून त्याचं तेलपाणी थांबतं का, मालक? सोलापुरात हे पटायला वेळ लागत नाही.

आणि ते खरंही आहे. तिच्या बहुतेक साइट वर्डप्रेसवर आहेत. साइट बांधायची आणि चालवायची ही प्रणाली २००३ साली आली, ती फुकट आहे, कुणालाही वापरता येते, जगातल्या ४० टक्क्यांहून जास्त साइट तिच्यावर चालतात. पण म्हणूनच तिच्यातली फट शोधणारेही पुष्कळ. प्रणाली आणि तिला जोडलेले प्लगइन, म्हणजे जादा सोयी देणारे छोटे प्रोग्रॅम, वेळच्या वेळी अद्ययावत केले नाहीत, तर एके सकाळी टॉवेलच्या दुकानाच्या पानावर भलत्याच जाहिराती झळकतात. रोज बॅकअप घ्यायचा, त्याची एक प्रत वेगळ्या ठिकाणी ठेवायची, सुरक्षा प्रमाणपत्राची मुदत बघायची, पैसे भरण्याचं बटण खरंच चालतं का ते स्वतः खरेदी करून तपासायचं. नवे दर टाकायचे, संपलेला माल काढायचा. कडक भाकरी आणि शेंगाचटणी विकणाऱ्या महिला गटाच्या पानावर अन्न परवान्याचा १४ आकडी क्रमांक दिसलाच पाहिजे. या सगळ्याचे दर महिन्याला थोडे थोडे पैसे. पंचवीसेक गिऱ्हाइकांची ती छोटी रक्कम एकत्र आली की दोघांचं भाडं, रेल्वेचं तिकीट, जेवण निघतं. नव्या साइटचे पैसे शिलकीत जातात.

एका गोष्टीसाठी आम्हाला या दोघांचं मनापासून कौतुक वाटतं. साइटचं नाव, म्हणजे डोमेन, ते पहिल्या दिवसापासून गिऱ्हाइकाच्या नावावर, त्याच्याच ईमेलवर नोंदवतात. पुष्कळ छोट्या दुकानांचं डोमेन साइट करणाऱ्याच्याच खात्यावर असतं. तो माणूस फोन उचलेनासा झाला की दुकानाची पाटीच त्याच्यासोबत गेली. फिरतीवर जगणाऱ्याने हे पाप करूच नये. गिऱ्हाइकाला सोडून जाण्याची मोकळीक असावी आणि तरी तो राहावा, यालाच आम्ही विश्वास म्हणू.

(दृश्य : भिंतीवरचं दिनदर्शिकेचं पान, लाल पेनाने केलेल्या खुणा.)

आता या पानाकडे नीट बघा. हे बीरच्या खोलीत लटकलेलं मराठी कॅलेंडर. चैत्र शुद्ध द्वितीयेला स्वामी समर्थांचा प्रकट दिन, तेव्हा अक्कलकोटच्या लॉजवर खोल्यांची झुंबड. कर्नाटकातून येणाऱ्या भाविकांसाठी त्या साइटवर कन्नड पान आहे. वैशाखातली लग्नं म्हणजे आहेराचे टॉवेल आणि चादरी. मग आषाढी, दिवाळी, कार्तिकी आणि संक्रांतीला सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा.

पुढच्या महिन्यात कुठे राहायचं, हे दोघं या खुणा बघून ठरवतात. स्पितीसारख्या दुर्गम भागात जायचं ते सोलापूर शांत असताना, भाद्रपदात पितृपंधरवड्याला. गर्दीच्या तिथीला मुक्काम अशा शहरात, जिथे फायबरची जोडणी आहे आणि वीज टिकते. स्वातंत्र्य म्हणून ज्याच्याकडे लोक बघतात, ते जगणं असं दूरच्या गावाच्या पंचांगाला बांधलेलं आहे. त्यात त्यांना कमीपणा वाटत नाही, आणि आम्हालाही वाटला नाही.

बाकी तयारी साधी. दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिमकार्डं. त्यातलं एक पोस्टपेड, कारण बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीर आणि लडाखमध्ये चालत नाही, आणि ओटीपी आला नाही तर बँकही बंद. खोली ठरवण्याआधी घरमालकाला विजेबद्दल विचारायचं. अमेरिकेतली एक-दोन कामं आहेत. न्यूयॉर्कची घड्याळं उन्हाळ्यात साडेनऊ तास आणि हिवाळ्यात साडेदहा तास मागे, त्यामुळे तिकडचं बोलणं आपल्या रात्री. त्या बिलांचे आणि जीएसटीचे कागद सोलापुरातले सीए बघतात. परदेशात जाऊन राहण्याची घाई नाही. एस्टोनियाने २०२० मध्ये आणि थायलंडने २०२४ मध्ये असं काम करणाऱ्यांसाठी वेगळा व्हिसा काढला, हे त्यांना ठाऊक आहे. साध्या पर्यटक व्हिसावर जाऊन काम करायचं नाही, हे मात्र पक्कं ठरलेलं.

त्रास नाही असं नाही. आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा दोघं केरळात होती. सोलापूर गाठेपर्यंत दीड दिवस गेला. त्यानंतर आईच्या शेजारच्या ताईंकडे थोडे पैसे कायम ठेवलेले असतात, आणि वर्षातून दोन मोठे मुक्काम सोलापुरातच होतात. आई आता लेकीच्या कामाबद्दल सांगते, "हिला हजार मोजावे लागत नाहीत. पण फोन सारखा वाजतो बघा."

(दृश्य : चंदीगड. नवी खोली, तेच कॅलेंडर.)

ज्येष्ठ सरत आला आहे. बीरला वादळात वीज जाऊ लागली, म्हणून दोघं खाली उतरली आहेत. ज्ञानोबांची पालखी नातेपुत्याला पोचली, की ती सोलापूर जिल्ह्यात आली. तिथून पुढे पंढरपूरच्या लॉजची साइट दर तासाला बघावी लागते. फोन वाजतो.

"पोरी, दशमी आणि एकादशी भरली. त्या खोल्या बंद दाखव."

"दाखवल्या, मालक. द्वादशीला दुपारनंतर उघडू का?"

"चार ठेव माझ्या माणसांसाठी. बाकीच्या उघड."