पहिला महिना काट्याचा नव्हे, पोटाचा

नमस्कार श्रोतेहो. परवा दवाखान्यात एक काकू आल्या. पर्समधून इंजेक्शनचं पेन काढून टेबलावर ठेवलं आणि म्हणाल्या, "डॉक्टर, तीन आठवडे झाले टोचतेय. काटा जागचा हलत नाही. डोस वाढवा बघू."

वजन कमी करायच्या या इंजेक्शनांची सध्या घरोघरी चर्चा आहे. टिर्झेपटाइड, म्हणजे मौंजारो, मार्च २०२५ मध्ये भारतात आलं. सेमाग्लुटाइडचं वेगोव्ही त्याच वर्षी जूनमध्ये. जेवलो की आपल्या आतड्यातून एक हार्मोन सुटतं आणि ते मेंदूला 'पुरे' म्हणून सांगतं. दोन-चार मिनिटांत ते विरूनही जातं. सेमाग्लुटाइड ही त्याचीच नक्कल, पण आठवडाभर टिकणारी. म्हणून ते आठवड्यातून एकदाच टोचायचं.

आता काकूंचा डोस. वेगोव्ही ०.२५ मिलिग्रॅमने सुरू होतं. चार आठवड्यांनी ०.५, मग १, मग १.७ आणि शेवटी २.४. म्हणजे पूर्ण डोसला पोचेपर्यंत पाचवा महिना उजाडतो. पहिली पायरी वजनासाठी नसतेच मुळी, ती पोटाला सवय लावण्यासाठी असते. घाई करून दोन पायऱ्या एकदम चढलेले लोक उलट्यांनी बेजार होऊन परत येतात.

मळमळ मात्र होऊ शकते, विशेषतः सुरुवातीला आणि डोस वाढवला की. याचं एक कारण म्हणजे पोट आता सावकाश रिकामं होतं. रात्री साडेनवाला भरपेट पुरी-भाजी खाऊन आडवं झालात, तर सकाळी करपट ढेकर ठरलेली. लवकर जेवा, निम्मं वाढून घ्या, तळलेलं टाळा आणि चार घासांत पोट भरलं तर पाचवा घेऊ नका. ताटात टाकू नये हा आपला संस्कार इथे आड येतो, म्हणून मुळात वाढतानाच कमी. आणि ज्यांच्याकडे रविवारी मटण असतं त्यांनी शनिवारी टोचू नये, हा माझा खासगी सल्ला. पोट साफ न होणं हीसुद्धा नेहमीची तक्रार. भुकेबरोबर काहींची तहानही मंदावते, तेव्हा पाणी आठवणीने प्या.

अन्नावरची वासना उडाली म्हणून चहा-बिस्किटावर दिवस काढणारे मला जास्त काळजीत टाकतात. अशाने चरबीबरोबर स्नायूही झडतात. थोडंच खायचंय ना, मग आधी मटकीची उसळ, अंडं, पनीर, दही, भात मागाहून. जोडीला थोडा वजनं उचलायचा व्यायाम.

पोटात वरच्या बाजूला असह्य कळ, पाठीत जाणारी, सोबत उलट्या, असं झालं तर ओवा खात बसू नका. स्वादुपिंडाला सूज असू शकते, तडक रुग्णालय गाठा. मधुमेहासाठी ग्लिमेपिराइड किंवा इन्शुलिन चालू असेल तर साखर गरजेपेक्षा जास्त उतरू शकते. त्यांचा डोस डॉक्टरांकडून आधी जुळवून घ्या. घरात कुणाला मेड्युलरी थायरॉइड कॅन्सर झाला असेल, मूल हवं असेल, भूल देऊन ऑपरेशन ठरलं असेल, तर ते न विचारताही सांगा.

आणि अपेक्षा किती ठेवायची? सेमाग्लुटाइडच्या मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्क्यांच्या आसपास वजन उतरलं. नव्वद किलोच्या माणसाचं साधारण तेरा किलो. औषध थांबवल्यावर वर्षभरात त्यातलं दोन तृतीयांश परतही आलं. तेव्हा दिवाळीपुरतं, लग्नापुरतं घेऊ म्हणणाऱ्यांना मी सुरूच करू देत नाही.

काकूंना म्हटलं, आहे तोच डोस आणखी एक आठवडा. त्या जरा खट्टू होऊन उठल्या. दारात थांबून म्हणाल्या, "एक मात्र झालंय हं, डॉक्टर. दुपारच्या चहाला खारी आणायची विसरतेय हल्ली."