इमारत उभी राहिल्यानंतर

कोणत्याही शहरात नव्या ग्रंथालयाचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो : एवढे कोटी कशाला? प्रश्न रास्त आहे, पैसा करदात्यांचा आहे. पण मला आज बांधकामाच्या खर्चाबद्दल फारसं बोलायचं नाही. उद्घाटनानंतर दर महिन्याला जो खर्च सुरू होतो, त्याबद्दल बोलायचं आहे.

इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमचं उदाहरण घेऊ. तिथल्या नगर परिषदेनं सुमारे १८ कोटी ९० लाख पौंड खर्चून नवं मध्यवर्ती ग्रंथालय बांधलं. ३ सप्टेंबर २०१३ रोजी मलाला युसूफझाईच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. बाहेरून धातूच्या वर्तुळांची जाळी, आणि अगदी वरच्या मजल्यावर १८८२ सालचं, लाकडी कोरीवकामाचं शेक्सपिअर दालन जसंच्या तसं आणून बसवलेलं. २०१४ या एका वर्षात तिथं २४ लाखांहून अधिक माणसं आली. लोक आता वाचत नाहीत, ग्रंथालयात कोण येणार, असं म्हणणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

आणि मग काय झालं? एप्रिल २०१५ पासून आठवड्याचे ७३ तास उघडं राहणारं ते ग्रंथालय ४० तासांवर आलं. कर्मचारी मोठ्या संख्येनं कमी केले गेले. त्याच उन्हाळ्यात शहरातल्या ग्रंथालयांची नवी पुस्तकं घेणं थांबलं आणि वाचकांनाच विनंती करण्यात आली की तुमच्याकडची अलीकडची पुस्तकं आम्हाला द्या. एवढी मोठी वास्तू बांधलेल्या शहरावर दोन वर्षांत ही वेळ आली! पुढं भाषा शिकवणारी एक संस्था त्याच इमारतीत आणून तास वाढवले गेले. पण सप्टेंबर २०२३ मध्ये, उद्घाटनाला बरोबर दहा वर्षं होत असताना, त्या परिषदेनं खर्चाची तोंडमिळवणी शक्य नसल्याची अधिकृत नोटीस काढली. दिवाळखोरीच म्हणा.

यावरून ती इमारत बांधायलाच नको होती, असा निष्कर्ष काढणारे तिथंही आहेत. मला तो पटत नाही. २४ लाख माणसं चुकून येत नाहीत. २०१० नंतर ब्रिटिश सरकारनं स्थानिक संस्थांचं अनुदान कमी करत नेलं, आणि ग्रंथालयाचा रोजचा खर्च दर वर्षीच्या अंदाजपत्रकाच्या दयेवर होता. कपात करायची तर भिंती कमी करता येत नाहीत. माणसं, तास आणि पुस्तकं कमी करता येतात. म्हणजे नेमकं ज्यामुळे ग्रंथालय हे ग्रंथालय असतं, तेच.

आता आपल्या जवळ या. चेन्नईत कोट्टूरपुरमला २०१० साली अण्णा शताब्दी ग्रंथालय उभं राहिलं, नऊ मजल्यांचं, १७० कोटींहून अधिक खर्चाचं. पुढच्याच वर्षी सरकार बदललं आणि त्या वास्तूत मुलांचं रुग्णालय करायचा निर्णय झाला. लोक उच्च न्यायालयात गेले, स्थगिती मिळाली, ग्रंथालय वाचलं. पण नंतरची कित्येक वर्षं ते हेळसांडीतच होतं; देखभाल आणि नेमणुकांसाठीही न्यायालयाला लक्ष घालावं लागलं.

तरीही तमिळनाडूकडं एक गोष्ट आहे जी आपल्याकडं नाही : ग्रंथालय कर. १९४८ च्या मद्रासच्या कायद्यानं तो आणला. आज तिथं मालमत्ता कराच्या प्रत्येक रुपयामागं १० पैसे ग्रंथालयासाठी घेतले जातात. स्थानिक संस्था ती रक्कम वेळेवर पुढं देत नाहीत, अशी तक्रार असते, आणि ती गंभीर आहे. पण मागायला कायद्याचा आधार तरी आहे.

कोल्हापूर संस्थानानं १९४५ सालीच ग्रंथालयांचा कायदा केला होता, ही आपल्याला अभिमान वाटावी अशी गोष्ट. आणि १९६७ चा महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायदा? त्यात हा कर नाही. ग्रंथालय निधीत शासनानं दर वर्षी किमान २५ लाख रुपये द्यावेत, एवढी तरतूद आहे. आज २५ लाखांत मोठ्या शहरात एक साधा फ्लॅटही येत नाही. शासन प्रत्यक्षात अनुदान यापेक्षा पुष्कळ जास्त देतं, हे खरं. पण ते मिळतं मंजुरीवर. अनुदानासाठी ठरवलेल्या अ, ब, क, ड वर्गांतली आपली हजारो वाचनालयं हप्त्याची वाट पाहत बसतात आणि तिथं काम करणारी माणसं जे मानधन घेतात, ते सांगायला मला लाज वाटते.

म्हणून माझी मागणी इमारतीच्या विरोधात नाही. बांधा, चांगली बांधा, प्रशस्त बांधा. पण ज्या ठरावानं बांधकामाला मंजुरी मिळते, त्याच ठरावात ग्रंथपालांची आणि सहायकांची पदं, ग्रंथखरेदीची वार्षिक रक्कम आणि आठवड्याचे किमान तास लिहा. मालमत्ता करातला ठरावीक हिस्सा त्यासाठी वेगळ्या खात्यात ठेवा. आणि १९६७ च्या कायद्यात ग्रंथालय कराचं कलम घाला, हे तुमच्या आमदारांना लेखी कळवा. अधिवेशनाआधी कळवा.