अस्तर बाहेर डोकावतं तेव्हा

श्रोतेहो, नमस्कार. आजचा विषय ऐकून घरातलं कुणीतरी आवाज बारीक करायला उठेल. त्यांना बसवा.

शौचाला बसल्यावर काहीतरी मऊ, ओलसर बाहेर आल्यासारखं वाटतं. लोक त्याला मूळव्याध म्हणून मोकळे होतात. पुष्कळदा ती असतेही. पण कधी कधी ते मलाशयाचं आतलं अस्तर असतं.

कोटाची बाही डोळ्यांपुढे आणा. आतले टाके उसवले की कापड जागेवर राहतं आणि अस्तर मनगटाशी लोंबतं. इथेही तसंच. अस्तर खालच्या स्नायूला सैल तंतूंनी धरलेलं असतं. वर्षानुवर्षं कुंथून ते तंतू ताणले जातात आणि अस्तर घसरतं. लक्षात ठेवा, अस्तर घसरतं, स्नायू जागेवरच राहतो. सुश्रुतसंहितेत गुदभ्रंशाच्या, म्हणजे गुद बाहेर येण्याच्या, कारणांत कुंथणं आणि अतिसार सांगितलेत. मी त्यात मोबाइल घालीन. पाच मिनिटांचं काम, आणि माणसं तिथं बसून जगाचं राजकारण उरकतात!

तर माझ्याकडे एक निवृत्त हिशेबनीस आले. हातात मलमाच्या चार ट्यूबा आणि बगलेत वही. कुशीवर झोपवून तपासलं, काहीच दिसेना. मी कागदावर 'मूळव्याध' लिहायला घेतलं, तसे ते म्हणाले, "डॉक्टर, आधी वही तरी बघा."

वहीत रकाने आखलेले. तारीख, आकार, रंग, किती वेळ, शेरा. पहिल्या पानांवर नुसतं 'चिकट पाणी, कपड्याला डाग'. मग 'नखाएवढे, गुलाबी, उठल्यावर आपोआप आत'. काही महिन्यांनी 'बोटाच्या पेराएवढे, लालभडक, बोटाने ढकलले'. पुढे 'पाऊण तास बाहेर, जांभळट, सूज, रक्ताचे थेंब'. आणि एका दिवशी आकार, रंग काही नाही, शेऱ्यात फक्त 'शिंकताना!'

मला हसू आलं आणि लगेच लाजही वाटली. आजार कसा वाढतो ते या माणसानं माझ्याआधी लिहून ठेवलं होतं. आधी कुंथल्यावर, मग साध्या शिंकेनं. आधी आपोआप आत, मग हातानं. अस्तर एकच, पण रूपं किती! बाहेर किती वेळ राहिलं, किती सुजलं, त्यावर रंग बदलतो. आम्ही डॉक्टर रोग्याला झोपवून पाहतो आणि 'काही नाही' म्हणतो. अहो, झोपल्यावर ते आतच जाणार!

मग त्यांना शौचालयात बसवलं. दहा मिनिटांनी हाक आली, "आलं, आलं!" जणू पाहुणेच दारात. मी टॉर्च घेऊन धावलो. दोनेक सेंटिमीटरचं ओलं, गुलाबी कडं, आणि त्यावरच्या चुण्या मधोमधून बाहेर जाणाऱ्या, चाकाच्या आऱ्यांसारख्या. अस्तर घसरल्याची खूण हीच. स्नायूसकट सगळी भिंत उतरली असती, तर पाण्यात खडा पडल्यावर उठतात तशी एकात एक वर्तुळं दिसली असती, आणि लांबीही बहुधा जास्त. पुन्हा सांगतो, आरे दिसले तर अस्तर, वर्तुळं दिसली तर सगळी भिंत. मूळव्याधीचे कोंब मात्र सुटे सुटे असतात, मध्ये खाचा. तरीही फरक नाजूक, फसायला होतं.

हिशेबनिसांनी हात धुतले आणि वहीत नोंद केली, 'डॉक्टरांनी पाहिले.' वेळेसकट.

लहान मुलांचं थोडक्यात. तीन-चार वर्षांखालच्या मुलांचं मलाशय उभं, सरळ असतं आणि अस्तराची पकड सैल. जुलाब, जंत, बद्धकोष्ठता, सततचा खोकला, यांतलं मूळ कारण गेलं की बहुतेकांचं आपोआप थांबतं. उतारवयात, विशेषतः बाळंतपणं झालेल्या बायकांमध्ये, खालचा आधारच ढिला झालेला असतो. तिथं वाट पाहण्यात अर्थ नाही. अस्तरच उतरलं असेल तर रबर बँड लावण्यासारखे छोटे उपायही पुरतात.

आता एवढं ऐका. बाहेर आलेलं आत जाईना, काळं पडू लागलं, दुखू लागलं, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा, सकाळची वाट पाहू नका. आणि रक्त जात असेल तर मूळव्याध समजून मलम चोळत बसू नका, आतडं तपासून घ्या. डॉक्टरांनी झोपवून पाहिलं आणि काही दिसलं नाही, तर बाहेर आलेलं असतानाचा फोटो काढून दाखवा. मोबाइलचा तेवढा उपयोग मला मान्य आहे.

नमस्कार.