दोन सरपंचांची गावं

पत्र्याची पेटी. साडीच्या घडीखालून मावशी प्लास्टिकची पिशवी काढतात आणि एकेक कार्ड सतरंजीवर मांडत जातात. रेशनची दोन, मतदानाची दोन. एकावर मराठी, दुसऱ्यावर तेलुगू. मावशींना तेलुगू वाचता येत नाही, पण कुठलं कार्ड कुठल्या दुकानात चालतं ते बरोबर ठाऊक आहे.

हे परमडोली. आपल्या कागदावर तालुका जिवती, जिल्हा चंद्रपूर. तेलंगणाच्या कागदावर मंडल केरामेरी, जिल्हा कुमुरम भीम आसिफाबाद. मुकदमगुडा, महाराजगुडा, अंतापूर, भोलापठार... दोन्ही राज्यांच्या कागदावर असलेली पहाडावर अशी 14 गावं.

ही जिल्हा परिषदेची मराठी शाळा. आणि ही तेलंगणाची.

राजुरा तालुका निजामाच्या राज्यात आदिलाबाद जिल्ह्यात होता. 1956 ला तो मुंबई राज्यात, नांदेडला आला. 1959 ला चांद्याला, म्हणजे आजच्या चंद्रपूरला, जोडला गेला. जिवती पुढं त्यातूनच निघाला. पहाडावर गोंड-कोलामांची वस्ती होतीच, मग पोटासाठी मराठवाड्यातूनही माणसं चढून आली. जंगल साफ करून त्यांनी कापूस लावला. जमीन कुणाच्या हद्दीत, हे विचारायला तेव्हा कुणी आलं नाही.

आंध्र आलं ते योजना घेऊन. रेशन आलं, शाळा आली, मग ग्रामपंचायत. 1997 ला सर्वोच्च न्यायालयातला या गावांच्या हद्दीचा मामला महाराष्ट्राच्या बाजूनं संपला, तरी शेजाऱ्यानं कारभार गुंडाळला नाही. 2014 नंतर पाटी बदलून तेलंगणाची झाली, एवढंच. आजही इकडं पुडियाल मोहदा आणि कुंभेझरी ग्रामपंचायत, तिकडं परमडोली, अंतापूर अशा. सरपंच दोन्हीकडचे. तिकडं म्हातारपणाची पेन्शन 2,016 रुपये, इकडं 1,500. लोकसभेला 2024 मध्ये चंद्रपूरचं मतदान 19 एप्रिलला झालं, आदिलाबादचं 13 मे रोजी. याद्या दोन, आणि नावं दोन्हींत.

गावकऱ्यांना लबाड म्हणणं सोपं आहे. त्याआधी हे शेत बघा. ही कपाशी वनजमिनीवर उभी आहे. वनहक्काचा पट्टा हवा असेल तर बिगर-आदिवासीला तीन पिढ्यांचा, म्हणजे 75 वर्षांचा पुरावा लागतो. मराठवाड्यातून आलेल्या माणसानं तो आणायचा कुठून? तेलंगणानं काहींना पट्टे दिले. आपण कोर्टातला निकाल दाखवत राहिलो.

पट्टा नाही म्हणून सातबारा नाही, आणि सातबारा नाही म्हणून पीककर्ज नाही.

जुलै 2025 मध्ये मुंबईत घोषणा झाली, ही 14 गावं महाराष्ट्रात घेणार. आपल्याच कागदावर असलेली गावं!

मावशी कार्डं पुन्हा पिशवीत भरतात. आधी मराठी, मग तेलुगू. साडीची घडी वर ठेवतात आणि पेटीला कडी लावतात.